फेसाळलेला मध

आज बाटलीचं बूच काढताच मधाचा फेस बोटांवर आला, आणि त्या आंबूस-गोड वासानं मी लहानपणीच्या, कोलकात्यातल्या डमडमच्या घरातल्या सत्यनारायणाला जाऊन पोहोचले. आपल्या गावाकडचा, सुंदरबनचा मध घेऊन आमच्याकडे कामाला येणारी मालतीमासी दारात उभी होती.

“केवढा पातळ! भेसळ आहे गं, दुकानातला आण,” पूजेला आलेल्या जोशीकाकू आईला म्हणाल्या. मासीला मराठी येत नव्हतं, तरी तिनं बाटली पदराआड घेतली.

“काकू, तिकडच्या जंगलातला मध पातळच असतो. दुकानातल्या बाटलीत साखरेचा पाक नसेल कशावरून?” असं म्हणत आईनं तीच बाटली मागून घेतली आणि सगळ्यांदेखत पंचामृतात मध ओतला.

तीर्थासाठी काकूंचा हात दुसऱ्यांदा पुढे आला, तेव्हा मासी खुदकन हसली.

भेसळीविरुद्धची पत्रकं मी पुढे पुष्कळ वाटली. चारचौघांत खरं बोलायचा धीर मात्र आईनं त्या दिवशीच दिला होता.