गिटारीची आंघोळ

मी एकदा गिटार धुतली. चिंच लावून, दोन पाण्यांत.

हे आधीच कबूल करून टाकते. आमची नात मुक्ता आणि तिची मैत्रीण पल्लवी हल्ली जिथं जिथं कार्यक्रम करतात तिथं ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी त्यात एक बादली पाणी वाढतं. परवाच्या कार्यक्रमात मी म्हणे गिटार हौदात बुडवली. आमच्याकडं हौदच न्हाई! तेव्हा खरं काय झालं ते मीच लिहिलेलं बरं. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे एकसष्टची. अक्कल नंतर आली.

या दोघी बालवाडीपासूनच्या जोडीदारणी. बदनापुरात आमच्यापासून तिसरं घर पल्लवीचं. चौथीत असताना दोघी माझी परात पालथी घालून वाजवायच्या. परातीला पोचे आले आणि पोरींना ताल आला. पुढं कॉलेजात पल्लवी गिटार शिकली, मुक्ता गायची आणि खंजिरी वाजवायची. वायर न्हाई, मशीन न्हाई, नुसतं लाकूड आणि गळा.

पल्लवीचे वडील दत्ताभाऊ मात्र या नादावर बिलकुल नाराज. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं मोटारसायकली धुवायचं वॉशिंग सेंटर. त्यांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून गिटार आमच्याच घरी राहायची. शेवटी एकदा त्यांनी निकाल दिला, "नवीन जालन्यात नवरात्राचा कार्यक्रम हाय ना, तेवढा करा. मी सोता म्होरं बसून ऐकतो. दम दिसला तर ठीक. न्हाई तर गिटार माळ्यावर आन् पल्लवी मामाकडं, कॉम्प्युटरच्या क्लासला."

कार्यक्रम होता खंडेनवमीच्या संध्याकाळी. त्या दिवशी आपलं पोट ज्या हत्यारांवर चालतं त्यांची पूजा. आमच्याकडं विळा, कोयता, पावडं, शिलाई मशीन आणि अलीकडं मिक्सर (तोही रांगेत बसतो, हळदीकुंकू लावून घेतो). सकाळी पोरी हॉल बघायला जालन्याला निघाल्या आणि दारातून मुक्ता म्हणाली, "आजी, गिटारीचीपण पूजा कर बरं का. आज तिचाबी सण हाय."

आता मला सांगा, चूक कुणाची? माझं माहेर धावडा. न धुतलेल्या वस्तूची पूजा करायची पद्धत आमच्या धावड्यात न्हाई. विळा धुवायचा, नांगर धुवायचा, बैलसुद्धा धुवायचा. गिटारीलाच काय सोनं लागून गेलं? तरी मी विचारलं. आमचे हे पेपर वाचत होते.

"अहो, ही गिटार धुतलेली चालते का?"

"हूं."

चाळीस वर्षांच्या संसारात मी याच 'हूं'वर दोन मुलांची लग्नं लावली, घर बांधलं. गिटारीसाठी वेगळा दाखला काय मागणार?

तर आधी तारा. काळपट पडल्या होत्या, त्या चिंचेनं घासल्या. फारच ताणून बांधल्या होत्या, तुटतील बिचाऱ्या, म्हणून खुंट्या पिळून जराशा सैल केल्या. मग पोटातल्या भोकातून आत डोकावले तर ही धूळ! दोन तांबे पाणी आत ओतलं, गदागदा हलवलं, पालथी करून काढलं, परत ओतलं. वरून करडीचं तेल चोळलं आणि वाळायला गच्चीवर उन्हात ठेवली. दुपारी खाली आणून हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला आणि देवघरात मिक्सरच्या शेजारी बसवली. इतकी देखणी दिसत होती की मीच तिला हात जोडले.

तीन वाजता पोरी आल्या. पल्लवीनं गिटारीकडं पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"आजी, ही ओली हाय."

"मंग धुतल्यावर कोरडी राहील का गं?"

"आजी, गिटार धुतेत का?" मुक्ता किंचाळली.

"तूच म्हणालीस ना पूजा कर म्हणून!"

"पूजा म्हणलं, आंघोळ न्हाई!"

तेवढ्यात ज्या पट्टीला तारा अडकवलेल्या असतात ती फुगलेल्या पोटावरून टक्कन सुटली आणि समईवर जाऊन आदळली. आमचे हे पेपरातून पहिल्यांदा डोकं वर काढून म्हणाले, "काय वाजलं?"

पल्लवी रडायला लागली. "बाबा समोर बसणारेत. आता क्लासच माझ्या नशिबात."

तिचं रडणं मला पाहवेना. मागच्या महिन्यात यांचा मोबाइल बादलीत पडला होता, तो मी तांदळाच्या डब्यात ठेवून जिवंत केला होता. मी म्हटलं, थांब, ओल काय, तांदूळ ओढून घेतो. पण गिटार काही डब्यात मावेना. मग मी तांदूळच गिटारीत घातले. चांगले दोन शेर, हळदीच्या हातांनी. पोरी तोंड धुवायला गेल्या होत्या म्हणून जमलं. परत येऊन पाहतात तर भोकापर्यंत वाढत आलेले तांदूळ!

"आजी," मुक्ता शांतपणे म्हणाली (ही शांतता वाईट असते), "आता तू कशालाच हात लावू नको."

पोरींनी लोंबत्या तारा काढून टाकल्या, बराच तांदूळ झटकून काढला, तरी पसाभर आत राहिलाच. ऑटो दारात आला होता. तार नसलेली, पिवळी, खुळखुळणारी गिटार घेऊन आम्ही निघालो. वाटभर दोघी माझ्याकडून तोंड फिरवून बसल्या. एवढी सेवा केली त्याचं हे फळ! माझा संताप बदनापूरपासून जालन्यापर्यंत उतरला न्हाई. उतरला तो हॉलमध्ये, दत्ताभाऊंना पाहून. खंडेनवमी म्हणजे त्यांच्या धंद्याचा मोठा दिवस. पहाटेपासून गाड्या धुऊन बोटांना सुरकुत्या पडलेल्या, तरी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलेला. आपण एका पोरीचं गाणं धुऊन टाकलं, हे मला तेव्हा कळलं.

स्टेजवर पल्लवी तारा नसलेल्या गिटारीवर नुसती बोटं फिरवत बसली होती. मुक्ता तिच्या कानाला लागून म्हणाली (मी पायरीवरच होते, ऐकलं), "चौथीत परातीला कुठं तारा होत्या? वाजव."

पल्लवीनं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि थाप मारली. फुगलेल्या लाकडातून असा घुमारा निघाला की मागच्या रांगेतले गप्प झाले. मुक्तानं धान्य पाखडतानाचं गाणं उचललं, जे मी सूप हलवताना गुणगुणत असते. पल्लवीनं गिटार हळूच कलती केली. आतले तांदूळ या टोकाकडून त्या टोकाला गेले, सर्रर्र, जसं काही कुणी खळ्यावर बसून पाखडतंय. बाया माना डोलवायला लागल्या. शेवटी जोशात येऊन पल्लवीनं गिटार डोक्यावर उचलली, ती पालथी झाली, आणि हळदीचे पिवळे तांदूळ थेट पहिल्या रांगेवर! एका आजीबाईनं अक्षता समजून हात जोडले. हॉल टाळ्यांनी दणाणला.

(हल्ली या दोघी तांदळाचा डबा मुद्दाम सोबत नेतात आणि लोकांना सांगतात की हा आवाज आम्ही 'शोधून काढला'. शोधून! तांदूळ माझे, हळद माझी. माझं नाव पत्रिकेत कुठंच न्हाई.)

कार्यक्रम संपल्यावर दत्ताभाऊ केसांतले तांदूळ झटकत आले. पल्लवीला म्हणाले, "मामाला फोन करतो. म्हणावं, पोरगी येऊन न्हाई राह्यली." ती त्यांच्या गळ्यातच पडली. मग त्यांनी गिटार हातात घेतली, भोकातून आत पाहिलं, चिंचेचा वास घेतला आणि माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता आभार मानतील.

ते म्हणाले, "काकू, इथून पुढं काही धुवायचं असलं तर माझ्याकडं पाठवत जा. वीस वर्षं झाली गाड्या धुऊन राह्यलो, पण सायलेन्सरमधी पाणी घालायचं न्हाई, एवढं मला पहिल्याच दिवशी कळल्तं."