कुमुदच्या लग्नातले मॅनेजरसाहेब

कुठलीही गोष्ट त्यांना सांगितली की ते आधी चष्मा काढायचे, काळ्या अचकनच्या टोकानं सावकाश पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि मग म्हणायचे, "पूछने की बात तो है, साहब."

आपल्याकडे माणसं याच्या उलट बोलतात. "त्यात काय विचारायचं" म्हणून मोकळी होतात आणि मग ऐन पंगतीत मीठ वाढायचं राहून जातं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी तर त्यातलाच. मॅनेजरसाहेब मात्र त्यातले नव्हते.

जयपूरमध्ये सिविल लाइंसच्या वाटेवर एका ठाकूरसाहेबांची कोठी होती. जहागिरी गेल्यावर त्यांनी पुढच्या बारा खोल्यांचं हॉटेल केलं आणि स्वतः मागच्या बाजूला राहायला गेले. मॅनेजरसाहेब पूर्वी त्यांच्याच जहागिरीचे कारभारी. कारभार गेला, हॉटेल आलं, पण अचकन तीच राहिली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

माझी त्यांची गाठ पडली ती कुमुदमुळे. कुमुद माझी धाकटी बहीण. साठ साल नुकतंच उलटलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. अमरावतीहून बदल्यांमागून बदल्या होत आम्ही जयपूरला आलो आणि आदर्श नगरात राहिलो. मी बँकेत होतो, कुमुद मुलींच्या कॉलेजात शिकवत होती. आदल्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा इस्पितळातला एक तरुण डॉक्टर दिवसातून चारदा येऊन त्यांच्या खाटेपाशी बसायचा. सॅम्युएल त्याचं नाव, अजमेरच्या रेल्वे कॉलनीतल्या ख्रिस्ती घरातला. बाबा बरे झाले. डॉक्टर म्हणून ते त्याचं नाव हात जोडून घेत. पण सहा-सात महिन्यांनी तेच नाव जावई म्हणून निघालं, तेव्हा त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "या घरात हा विषय परत नको."

विषय परत निघाला नाही. बाबा कुमुदशी बोलेनासेच झाले. ती समोरून आली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. आई बाबांच्या बाजूची. निदान तसं सांगत असे. तिकडे सॅम्युएलच्या आईला लग्न चर्चमध्ये व्हायला हवं होतं. कुमुदला धर्म बदलायचा नव्हता आणि सॅम्युएल तिला तसं म्हणणार नव्हता. उरलं नोंदणीचं लग्न. ते ना आमच्या अंगणात होणार होतं, ना त्यांच्या. म्हणून हॉटेल. आणि ते ठरवायला गेलो मी एकटा, कानकोंडा होऊन.

मॅनेजरसाहेबांनी मला व्हरांड्यातल्या उन्हात बसवलं आणि चहा मागवला. मी भराभर सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणालो, "आपको कोई ऐतराज़ तो नहीं?" त्यांनी चष्मा पुसला.

"पूछने की बात तो है. पर मुझसे नहीं. यह बताइए, दुल्हन को ठंड ज़्यादा लगती है क्या?"

पुढचा तासभर ते विचारत राहिले आणि मी बघत राहिलो. अजमेरहून येणाऱ्यांत कुणाला कमी ऐकू येतं का? कोण कुणाच्या शेजारी बसलेलं चालणार नाही? मुलाच्या आईला प्रार्थना म्हणायची असेल तर ती सह्यांच्या आधी की नंतर? मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "विचारून या, मग आपण दिवस ठरवू."

दिवस मिळायला अडचण नव्हती. नाताळ झाला की अजमेरची मंडळी मोकळी होती, आणि जयपुरात तेव्हा मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, म्हणून एकही लग्न नव्हतं. कोठीची हिरवळ रिकामीच. पण आमच्याकडे तो पौष. मी घुटमळलो तसे मॅनेजरसाहेब स्वतः एका पंडितजींना जाऊन विचारून आले. पंडितजींनी म्हणे बराच विचार करून सांगितलं, की मलमासात फेरे वर्ज्य आहेत, सही कशाला वर्ज्य असेल? हे सांगताना मॅनेजरसाहेब अजिबात हसले नाहीत. मी हसलो. त्या महिन्यात बहुधा पहिल्यांदा.

लग्नाची नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लागते. आमचीही लागली आणि पंधरवड्यात ठाकूरसाहेबांना दोन निनावी पत्रं आली. असलं लग्न या कोठीत होऊ देऊ नका, नाहीतर बघून घेऊ. ठाकूरसाहेब भला माणूस, पण भित्रा. मॅनेजरसाहेबांना बोलावून त्यांनी नाही कळवायला सांगितलं. हे मला कोठीच्या माळ्यानं नंतर सांगितलं. मॅनेजरसाहेब धन्याला तिकडच्या रीतीनं 'हुकुम' म्हणत. ते म्हणाले, "हुकुम, ज़बान मैंने आपके नाम से दी है. वापस भी आप ही लीजिए. लड़की को मैं बुला लाता हूँ." ठाकूरसाहेब बराच वेळ हुक्का ओढत बसले आणि म्हणाले, "होऊ दे मग." लग्नाच्या दिवशी फाटकाशी दोन शिपाई उभे होते, तेही मॅनेजरसाहेबांनी ठाण्यात जाऊन आणले होते. मला त्यांनी यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

जेवणाचं ठरवताना मी सहज बोलून गेलो, की आमच्या वऱ्हाडात मंगल कार्याला वडाभात असतो, पण तो इथं कुणाला येणार, राहू द्या. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी भर दुपारी, बाबा कचेरीत असताना, ते सायकलवरून आमच्या घरी आले. मी घरी जेवायला आलो होतो. आईला वाकून नमस्कार करून ते म्हणाले, "माताजी, आमच्या खानसाम्याला एक पदार्थ येत नाही. तुमच्याखेरीज कुणाला विचारू?" लग्नाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. आई दारातच उभी राहिली. मग तिनं आपल्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. डाळी कुठल्या, किती भिजवायच्या, "भैया, दाल एकदम बारीक नहीं वाटने का", भात मोकळा हवा, वर हिंगाच्या फोडणीचं तेल. ते लिहीत राहिले. जाताना परत नमस्कार करून गेले.

आठवड्यानं खानसाम्याला टांग्यात घालून परत आले. सोबत पितळी डबा. आईनं झाकण काढलं, बोटांनी भात चाचपला आणि कपाळाला हात लावला.

"काय करून राहिले बाप्पा तुम्ही? ही तर खिचडी झाली."

खानसामा खाली मान घालून उभा होता. मॅनेजरसाहेबही. शेवटी आई म्हणाली, "असू द्या. मीच येते त्या दिवशी."

त्या संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, "मी लग्नाला नाही चालले. स्वयंपाकाला चालले." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते बूट काढू लागले.

खानसाम्याला खरंच जमलं नव्हतं, की त्याला तसं करायला सांगितलं होतं, हे मी मॅनेजरसाहेबांना पुढे कितीदा तरी विचारलं. दर वेळी त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

लग्नाच्या दिवशी सकाळी हिरवळीवर दव होतं आणि ऊन यायला उशीर झाला. खुर्च्यांच्या मधून कोळशाच्या अंगीठ्या ठेवल्या होत्या, सगळ्यात मोठी कुमुदच्या खुर्चीजवळ. अजमेरच्या एका म्हाताऱ्या मामांना अधिकाऱ्याच्या अगदी शेजारी बसवलं होतं, कारण त्यांना कमी ऐकू येत असे. सॅम्युएलच्या आईनं सह्यांच्या आधी उभ्यानं प्रार्थना म्हटली. ती हिंदीत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती आणि तिच्यात कुमुदचं नाव दोनदा आलं.

आई मागे स्वयंपाकघरात होती. पहाटेपासून एकदाही बाहेर आली नव्हती. आपली आई पन्नास पावलांवर आहे आणि येत नाही, हे कुमुदला ठाऊक होतं. ती सारखी तिकडे पाहत होती.

दोघांनी शब्द उच्चारले, सह्या केल्या. मग साक्षीदार. तीन लागतात. पहिली सही माझी, दुसरी त्या मामांची. तिसरी कुमुदच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची ठरली होती आणि ते कुठं दिसेनात. अधिकारी घड्याळ बघू लागले. मॅनेजरसाहेब माझ्याजवळून शांतपणे स्वयंपाकघराकडे गेले. दारात ते काय बोलले ते मला ऐकू आलं.

"माताजी, एक दस्तख़त कम पड़ रहा है."

आत पाट्यावरचा वरवंटा थांबला. मग आई बाहेर आली. हातांना वाटलेली डाळ, पदर खोचलेला. हात पदराला पुसत ती हिरवळ ओलांडून आली, टेबलापाशी वाकली आणि शाळकरी मुलीसारखं एकेक अक्षर काढत तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. लेखणी ठेवली. कुमुदकडे पाहिलं. "शाल नीट घे," म्हणाली, आणि स्वतःच ती तिच्या खांद्यावर नीट करत राहिली, बराच वेळ.

प्राध्यापक पाच मिनिटांनी सापडले. मॅनेजरसाहेबांनी त्यांना मागच्या बागेत गुलाब बघायला पाठवलं होतं.

बाबा आले नाहीत. दिवसभर मंडळी जेवत होती, ऊन खात होती. दिवस कलला तसे मॅनेजरसाहेब दिसेनासे झाले. एखाद्या समारंभातून ते मधेच गेल्याचं कोठीतल्या कुणालाच आठवत नव्हतं. दोनेक तासांनी सायकलवरून परत आले, कानाला मफलर गुंडाळलेला, कॅरिअरला रिकामा डबा. मी विचारलं तर म्हणाले, "एक मेहमान का खाना रह गया था."

पुढे कुमुद अजमेरला गेली, दोन वर्षांनी दोघं जयपूरला परतली. ती आमच्याकडे येई, आईपाशी बसे. बाबा तिच्याशी हळूहळू बोलू लागले. पण सॅम्युएल आला की उठून आत जात. आम्हाला नवल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्नाचं बोलणं निघालं की बाबा आतून एखादी चूक दुरुस्त करीत. पहिल्या सहीच्या वेळी लेखणी अडली होती. कुमुदनं "होय" दोनदा म्हटलं, पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. प्रार्थना उभ्यानं झाली, बसून नाही. मला वाटायचं, कुमुदनं सांगितलं असेल. आईला वाटायचं, मी.

चार-पाच वर्षांनी एका थंडीत मॅनेजरसाहेब गेले. झोपेतच गेले, असं माळी बँकेत येऊन सांगून गेला. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "त्या दिवशी आले होते ते. डबा उघडून दिला, मी जेवलो. मग मला म्हणाले, कुठून सांगू? मी म्हणालो, सुरुवातीपासून. दीड तास सांगत होते."

मग बाबांनी कोट मागितला.

तिसऱ्या दिवशीची दुखवट्याची बैठक त्याच संध्याकाळी, शहराच्या जुन्या भागात, त्यांच्या गल्लीतच होती. दोन घरांमध्ये सतरंजी पसरली होती. त्यांचा थोरला मुलगा हात जोडून बसला होता, शेजारी ठाकूरसाहेब, डोक्याला साधा पांढरा साफा. आम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गल्ली माणसांनी भरली होती. खानसामा होता, माळी होता, फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या दोन शिपायांपैकी एक होता. बाबा भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं कुमुद आली आणि आत बायकांत गेली. सॅम्युएल इस्पितळातून तसाच आला होता. बूट काढून तो सतरंजीच्या कडेशी उभा राहिला. बसायला जागा नव्हती.

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग हातानं कोट आवरून घेतला, भिंतीच्या कडेकडेनं थोडे सरकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवून म्हणाले, "या, इथं बसा."