मेलेल्या मशीनचं लायसन

जठारपेठेतल्या माह्या छपाईच्या दुकानातून लिहून राहिलो. डोकं पार बधिर झालं आहे.

पत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर जुन्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते. म्हणून ते मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या कॉम्प्युटरात ठेवलं होतं. परवा बाहेरचा कॉम्प्युटर जळाला. आज बॅकअप नव्यावर टाकला, त सिस्टीम म्हणते, मशीन बदललं, लायसन पुन्हा चालू करा.

हेल्पलाइनले फोन लावला. तिथल्या रेकॉर्डिंगचं एकच, आधी जुन्या मशीनवरून लायसन काढा. अरे, जळालेल्या मशीनवरून काढू कसं?

समोर बाळापूरच्या एक काकू बसल्या होत्या. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची पत्रिका पाहिजे होती.

"काकू, जुनं मशीन मेलं, पण लायसन त्याच्याच नावावर अडकलं."

"मंग वारसाच्या नावावर चढवा ना, भाऊ."

"चढवून नाही राहिले."

काकूले नवल वाटलं नाही. "हे जाऊन वर्ष झालं, तरी माह्यं वावर बी अजून यायच्याच नावावर हाये. तलाठ्याकडं गेलं की म्हणते, मालकाची सही आणा."

पत्रिका काही निघाली नाही. काकू तशाच उठून गेल्या.

लोकहो, मेलेल्याची सही कुठं भेटते, तुमच्यापैकी कोणाले माहीत हाये काय?