वरदाताईंनी न घेतलेली किल्ली

इंग्लंडमधल्या अपर हॅझलकोट गावात वरदा गद्रे यांना अजून सगळे 'नर्स'च म्हणतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी. कॉव्हेंट्रीहून त्या इथे आल्या त्याला चोवीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून चर्चमागची शेतातली पायवाट त्यांच्या पायाखालची. आधी पेशंटांकडे जायला, आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या मॉरीनकडे डबा न्यायला. वाटेने दहा मिनिटं. रस्त्याने वळसा घालून पाऊण तास.

मार्चमध्ये ते शेत एल्डर्टन नावाच्या माणसाने घेतलं. आल्या आल्या त्याने वाटेच्या तोंडाशी फाटक बसवलं, वर कुलूप. तिसऱ्या दिवशी स्वतः दारात हजर.

"मिसेस गद्रे, तुमचं अडायला नको. ही तुमची किल्ली. फक्त इथे सही करा."

वरदाताईंनी चष्मा लावला. जन्मभर औषधांच्या लेबलांवरची बारीक अक्षरं वाचलेली बाई. आधी सही, मग वाचन, हे त्यांना जमणारं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: 'ही वाट मी आजवर मालकाच्या परवानगीने वापरत आले.'

"हे खोटं आहे."

"फॉर्मॅलिटी हो. गावातल्या चौघांनी केली सही."

"मी कुणाला कधी विचारलंच नाही. आधीचे मालक ट्रॅक्टरवरून हात करायचे, बस."

"म्हणजे परवानगीच की."

"हात करणं म्हणजे गुड मॉर्निंग, मिस्टर एल्डर्टन. किल्ली न्या."

संध्याकाळी रीडिंगहून पुष्करचा फोन. "आई, तुझा गुडघा बघ. फुकट किल्ली मिळतेय तर घे ना."

"अरे, लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता चालले, तर इथे वाट लोकांची होते. परवानगीने चालले असं एकदा लिहून दिलं, की ती वर्षं पाण्यात. एवढी वर्षं भरलेले आम्ही पाचच. चौघं सही करून बसले."

"मग एकटी काय करणार तू?"

"वाट लोकांची म्हणून नोंदवायचा कौन्सिलचा फॉर्म भरणार."

"फाटकावरून चढू नकोस हं."

"चढायला मी काय चोर आहे? रस्त्याने जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच डाळ-भाताचा डबा घेऊन त्या रस्त्याने निघाल्या. पोचेपर्यंत भात गार, गुडघा गरम. नव्वदीची मॉरीन अंथरुणातून म्हणाली, "उशीर केलास, नर्स."

वरदाताईंनी सगळं सांगितलं. मॉरीनने दोन घास खाल्ले.

"माझी आजी त्या वाटेने धुणी पोचवायची, मोठ्या घरी. मी शाळेत गेले, लग्नाला गेले. तीन वर्षांपूर्वी पडले, तोवर रोज चालले. मला कुणी विचारलं नाही वाटतं?"

"तुला कोण विचारणार? खाटेवर आहेस."

"हात चालतो की. फॉर्म आण."

वरदाताईंनी पर्समधून दुसरा फॉर्म काढला. 'आपण कधी परवानगी मागितली होती का?' या प्रश्नापुढे मॉरीनने 'नाही' लिहिलं, आणि पेन कागदात रुतेल इतकं दाबून खाली रेघ ओढली.

परतीचा रस्ता एल्डर्टनच्या खिडकीखालून जातो. तो चहाचा कप घेऊन उभाच होता. वरदाताई थांबल्या, रिकामा डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळा हात उंच केला.

"गुड मॉर्निंग," त्या म्हणाल्या. "उद्याही येते."