हातभर वायर

मल्लाप्पाकाकांच्या दुकानात रेडिओच्या आवाजाच्या बटणाला कुणी हात लावला, की मनगटावर स्क्रूड्रायव्हरची मूठ बसलीच म्हणून समजा. मग गिऱ्हाईक असो की जावई. "आवाज वाढवून काय करतोस? गोंगाट बी वाढतोय की! आधी नको ते काढ." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. हे ऐकून माझे कान किटले होते.

काका रेडिओ दुरुस्त करायचे आणि परवाना काढून हौसेनं वायरलेसवर बोलायचे. त्या मोठ्या पुरात कुरुंदवाडला पाण्यानं वेढा घातला, फोन मेले. माझी धाकटी बहीण सुनंदा तिथं, नऊ महिने भरलेली. काकांचा तिथला वायरलेसवाला दोस्त तिथल्या शाळेत बसून सुटका झालेल्यांची नावं सांगत होता. सकाळी म्हणाला, बॅटरी संपत आलीय, पाचला शेवटचं वाचतो. आणि इकडे दुपारपासून समोरच्या गच्चीवरचा नवा एफएम ट्रान्समीटर काकांच्या रिसीव्हरवर चढून बसलेला! नुसती खरखर आणि गाणी.

"फिल्टर करू," काका म्हणाले. डिशच्या वायरीचा हातभर तुकडा रिसीव्हरला जोडायचा, दुसरं टोक मोकळं सोडायचं. लांबी बरोबर जुळली, की नको तो ट्रान्समीटर तिथंच जिरतो. "मला बारीक दिसत न्हाय. कातर तुझी, कान माझं. तांदळाएवढं काप."

कापडाची कात्री मी कागदालाही लावू देत नाही. त्या दिवशी वायरीला लावली. साडेचार वाजलेले. काका हेडफोन लावून मान हलवायचे. न्हाय. अजून न्हाय. माझा धीर सुटला आणि कचकन दोन बोटं वायर उडवली मी. तुकडा वाया, दुकानात दुसरी वायर नाही. मला रडूच फुटलं.

काका उठले. वर जाऊन काकूंच्या टीव्हीची वायर उपसून आणली आणि कात्री परत माझ्याच हातात दिली. "हं. तांदळाएवढं."

पाचला तीन मिनिटं असताना त्यांनी हात वर केला. "थांब!" स्पीकर लावला. गाणी गेली होती. विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक आवाज येत होता. मी बटणाकडे हात नेला, त्यांनी मनगट धरलं. "गप. ऐक." पाच वाजले. नावांमागून नावं. मग आलं, "सुनंदा, कोल्हापूरच्या टेलरची भन. बाळंत झालीया. पोरगी हाय. दोघी बऱ्या हाईत." आणखी दोन नावं झाली आणि आवाज बंद पडला.

चार वर्षांनी काका दवाखान्यात होते. ओठ हलत होते, पण घरचे सगळे खाटेभोवती ओरडत होते, "मोठ्यानं बोला, काका!" मी भडकलो. सगळ्यांना बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"सुनंदाची पोरगी," ते म्हणाले, "बालवाडीत जातीया न्हवं?"