सुकदेव आबानं सांगितलेली बदली

सुरतेतल्या बमरोलीच्या यंत्रमागाच्या खात्यात सुकदेव आबाला कुणी सुकदेव म्हणत नसे. शेठ त्याला दगा म्हणायचा. कारण आबा पारोळ्याकडून सुरतेला आला तोच दुसऱ्याच्या मागावर. मामाचा पोरगा दगा आखाजीच्या सणाला गावाकडं निघाला होता. जाता जाता त्यानं आबाला आपल्या मागापाशी उभं केलं, तार तुटली तर कशी जोडायची ते दाखवलं आणि गाडीत जाऊन बसला. तो परत आलाच नाही. शेठनं नव्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलंही नाही. कापडाचा ताका निघतोय ना, मग उभा कोण आहे याच्याशी त्याला काय. पुढं आबाचं स्वतःचं नाव लागलं, तरी शेठच्या तोंडात दगाच बसला. "ए दगा, मशीन केम बंध छे?" असं शेठ ओरडला की आबा निमूट जायचा.

आमच्या खान्देशी लोकांची सुरतेत ही रीतच आहे. गावाकडं कानबाईचे रोट असोत, कुणाचं लग्न असो की मयत, निघायचं झालं तर मेव्हणा, साडू, शेजारी, जो मोकळा असेल त्याला आपल्या मागावर बदली म्हणून उभं करायचं. बदली देऊन गेला त्याचं काम शाबूत. न देता गेला, तर परत येईपर्यंत तिथं दुसराच उभा. म्हणून बदलीवर उभं राहणं म्हणजे आमच्यात उपकाराचं काम. आबानं ते इतक्या जणांसाठी केलं होतं, की आम्ही राहतो त्या डिंडोलीतून चालत निघाला तर चहासाठी हात धरणारे दर गल्लीत भेटत.

त्याचा मुलगा वाल्मिक नव्या पद्धतीचे माग चालवायला शिकला आणि अरबांच्या मुलखात एका कापड कंपनीत लागला. गेला तो रीतसर, कामाच्या व्हिसावर. तिकडं त्याला फोटोचं कार्ड मिळालं, त्यावर त्याचं नाव आणि कंपनीचं नाव. त्यानं फोनवर ते कार्ड दाखवलं तेव्हा आबा म्हणाला, "गेटपास शे. जपी ठेव." झालं. त्या कार्डाबद्दल त्या घरात एवढंच बोलणं झालं.

सहा-सात महिने बरे गेले. मग कंपनीला कापडाची मागणी थांबली. माग बंद, माणसं खोलीत. वाल्मिकचा फोन आला.

"आबा, आठे काम नही. नुसतं खोलीमा बठेल शेतस. बाजूनी कंपनीमा शिरपूरना एक भो शे. त्यानी माय बिमार शे, तो गावले जाई ऱ्हायना. मना मागवर बदली हुभा ऱ्हाय म्हणस. ऱ्हाऊ का?"

"यामा ईचारस काय?" आबा म्हणाला. "माणूस अडेल शे. हुभा ऱ्हाय. त्याना माग बंद पडाले नको."

वरून आबा दोन दिवस गल्लीत सांगत फिरला, की पोरगा परमुलखातही रीत विसरला नाही.

एका दुपारी त्या बाजूच्या कंपनीत सरकारी तपासणी आली. साहेब एकेका मागापाशी थांबून कार्ड बघत होते. वाल्मिकचं कार्ड खरं होतं, पण त्यावर कंपनी दुसरीच. साहेब दोन माग अलीकडं असताना तो घाबरला आणि मागच्या दारानं पळाला. आपल्या खोलीवर गेला नाही, ओळखीच्या एकाच्या खोलीत शिरला. इकडं त्याच्या कंपनीनं, माणूस पळून गेला, अशी तक्रार नोंदवून टाकली. पासपोर्ट कंपनीपाशी. आता काम नाही, कार्ड चालत नाही, रस्त्यावर निघायची सोय नाही, घरी यायचीही नाही. खोलीवाले कामावर जाताना बाहेरून कुलूप घालून जात, म्हणजे आत कुणी आहे असं वाटू नये.

"तुम्हीच सांगेल व्हतं त्याले," धुरपदाबाई नवऱ्याला म्हणाली. "आते तुम्हीच आना."

सून चंचल साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. ती चिकटवतच राहिली, आणि आबाला तेच जास्त लागलं.

उधन्याला मजुरांना मदत करणारी एक संस्था आहे. तिथली धनश्री मूळची चोपड्याची. आबानं तिच्यासमोर सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, त्यानं चोरी केली नाही, मारामारी केली नाही. काम केलं. कामाचा कसला गुन्हा?"

"काका, तिकडं कामाची मोकळी परवानगी नसते. या माणसानं, या मालकाकडं, हेच काम करायचं, अशी बांधलेली परवानगी असते. मालक बदलला की ती गेली."

"पण माग तर तसलाच होता."

"माग कुणी बघत नाही तिथं. कार्ड बघतात."

"आमचा शेठ कार्ड बघत नाही, तोंडही बघत नाही."

"तुमच्या शेठचा कायदा बमरोलीत संपतो, काका. कंपनी काम देत नव्हती तेव्हाच त्यानं तिथल्या कामगार खात्यात तक्रार करायची होती. मालक बदलायचा रीतसर कागद मिळू शकला असता. निदान विचारता तरी आलं असतं. हे जायच्या आधी त्याला कुणी सांगितलं नाही?"

उभा राहा म्हणून सांगणारा आबाच होता.

"आता दोनच वाटा आहेत," ती म्हणाली. "लपून राहायचं, त्यात रोज प्रकरण वाढत जातं. नाहीतर आपल्या दूतावासात जाऊन खरं ते सांगायचं. आत ठेवतील. दंड होईल. परत त्या देशात जाऊ देणार नाहीत. पण घरी यायची वाट तीच."

डिंडोलीला उतरल्यावर टपरीवर सखाराम भेटला. तो जालन्याकडचा, बांधकामावरचा माणूस, आबाचा जुना दोस्त. सगळं ऐकून म्हणाला, "आपल्या पायानं पोलिसाच्या दारात कोण जातंय? बोकडाला सुद्धा ओढून न्यावं लागतं. राहू दे त्याला तिकडंच. गुपचूप काम करणारे हजार असतील."

"कुलपात?" आबानं विचारलं.

सखारामनं चहा संपवला आणि विषय बदलला.

घरी आबानं धनश्रीचं बोलणं वाल्मिकला जसंच्या तसं सांगितलं. पोरगा विचारायचा, "मंग काय करू?" आणि आबा फोन धुरपदाबाईकडं द्यायचा. जन्मभर दुसऱ्यांना कामाचं शहाणपण सांगणारा माणूस, पण आता खात्यातही कुणी काही विचारलं की म्हणायचा, "दुसऱ्याला विचार."

मग एका सकाळी फोन आला. वाल्मिक दूतावासाच्या फाटकासमोर उभा होता. मागं गाड्यांचा आवाज येत होता.

"आबा, आठलोंग उनू. पुढे जाऊ का मांगे फिरू? तुम्ही सांगा."

या खेपेला आबानं फोन देण्यासाठी हात पुढं केला, तर धुरपदाबाईनं घेतला नाही. चंचलनं डिंकाची बोटं तशीच धरून त्याच्याकडं पाहिलं.

"मन्हं ऐकू नको, भाऊ," आबा म्हणाला. "मन्हं ऐकीसन तर हाई व्हयनं. त्या ताईनी सांगं तसं कर. फाटकना मझार जा."

"मझारच ठेवी लेतीन ते?"

"माले ठाऊक नही. जा."

फोन कटला. त्यानंतर तो नंबर लागेना. धनश्रीकडं खेपा झाल्या. नाव नोंदलं गेलंय, एवढंच तिलाही कळलं होतं. चंचलच्या साड्यांचा ढीग पोचवायचा राहिला म्हणून ठेकेदारीण दारात येऊन बडबडून गेली.

मग अनोळखी नंबरवरून वाल्मिक बोलला. दूतावासानं त्याला तिथल्या सरकारी खात्याच्या स्वाधीन केलं होतं. कंपनीनं तक्रार मागं घेतली तर लवकर सुटका, नाहीतर कोर्ट.

"मारतस का रे?" धुरपदाबाईनं विचारलं.

"नही माय. जेवण देतस. दार उघडत नहीत."

"कधळ येशी?"

"कोन्ही सांगत नही."

चंचलनं फोन घेतला, नुसतं "जेवलात?" विचारलं आणि आबाकडं दिला. आबाला बरंच काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हाताले काही काम देतस का तठे?"

"नही, आबा. कामले बंदी शे."

मागं कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं आणि फोन बंद झाला. आबानं तो नंबर परत लावून पाहिला, लागला नाही. बॅटरी संपत आली होती. त्यानं फोन चार्जिंगला लावला. खात्याची वेळ झाली, धुरपदाबाईनं डबा आणून समोर ठेवला. तो उठला नाही. वायर पुरेल तेवढ्या अंतरात भिंतीला टेकून बसून राहिला.