आठ पॉइंट सहा

धम्मदीप सरले कॉलेजातले पोट्टे थेंबसर म्हणत. ब्युरेटमधून म्हणजे त्या आकडे कोरलेल्या लांब काचेच्या नळीतून एक थेंब जरी जास्त पडला तरी सर म्हणत, ओत मोरीत, पुन्हा कर. नळीतल्या पाण्याच्या बरोबर समोर डोळा आला नाई तर मागून येऊन हळूच मान दाबत. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, जे दिसलं तेच लिहायचं, सीनियरच्या वहीतलं नाई. सांगून सांगून घसा बसला त्यायचा. अकरा वर्षं वडनेरहून रोज बसनं हिंगणघाटले येणं, तेही तासिकेवर. नेट झालती, सेट झालती, तरी दर जूनमधे नवा अर्ज. अन् अकरा वर्षांत एक बॅच अशी नाई का वीस जणायचं उत्तर वीस तऱ्हेचं आलं. सगळ्यायचं एकच, छापल्यासारखं. सर चिडत, मग थकत, मग वह्यायवर सह्या करत.

मग गिरडहून रोशनी आली. पहिल्याच प्रॅक्टिकलले तिच्या वहीत तीन खेपेचे तीन आकडे, नऊ पॉइंट सात, दहा पॉइंट एक, नऊ पॉइंट आठ. सरनं विचारलं, "हे मधलं वेगळं काऊन?"

"हात हालला सर."

तेवढंच बोलली ती. पण सर त्या दिवशी वडनेर येवोस्तोर बसमधे एकटेच हसत गेले.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून परीक्षक आलते. त्यायनं एकेक पेपर पाहला अन् रोशनीपाशी थांबले. "एकोणीस जणायचं दहा पॉइंट चार, तुमचंच आठ पॉइंट सहा. तुम्ही काय घरून पाणी आणलं होतं काय बाई?" अख्खी बॅच हसली. रोशनी नाई हसली, तिनं सरकडं पाहलं.

सरनं तिच्याच टेबलावर स्वतः करून पाहलं. सोड्याच्या द्रावणात ॲसिडचा थेंब थेंब, अन् गुलाबी रंग गेला तेव्हा आकडा आठ पॉइंट सहा. पुन्हा केलं. तोच. मग ते मधुकररावकडं गेले. लॅब मधुकररावच सांभाळत, द्रावणंही तेच बनवत. सोडा कोणत्या बाटलीतला घेतला, असं विचारल्यावर त्यायनं झाकण तुटलेली बाटली दाखवली. आतले खडे ओलावून चिकट झालते. वजन भरलं पाण्यानं, सोडा कमीच पडला.

सर थेट विभागप्रमुख काकडे मॅडमच्या खोलीत. "मॅडम, रोशनीचं बरोबर आहे. द्रावणच कमजोर आहे."

"मग बाकीच्या एकोणीस जणायचं?"

"त्यायनं सीनियरच्या वहीतून लिहिलं."

मॅडमनं उठून दार लोटलं. "हे लेखी देता? बॅचची परीक्षा रद्द होते, मधुकररावले मेमो जाते, चार महिन्यांवर रिटायरमेंट आली त्यायची. अन् मग विद्यापीठ विचारणार, वर्षभर ह्यायले शिकवून कोण राह्यलं होतं."

सरनं खिशातला पेन काढला अन् पुन्हा खिशात ठेवला.

"एका पोरीनं एक आकडा बदलवला का सगळे सुटले. ती पण पास. तुमचंच ऐकते ती, तुम्हीच सांगा." मग कागद चाळत चाळत म्हणे, "जून आलाच आता."

लॅबमधे येईपर्यंत सरच्या डोक्यात लेखी अर्जाची पहिली ओळ तयार होती. खरंच होती. दारातून मधुकरराव दिसले, मोरीपाशी ती बाटली घासून राह्यलते, दोन्ही हातानं, लेबल निघून गेलं तरी घासूनच राह्यलते. अन् ती ओळ गेली डोक्यातून. त्यायच्यासाठी गेली, का स्वतःसाठीच गेली अन् मधुकररावचं नाव पुढं केलं, हे सरले नंतरही समजलं नाई.

"रोशनी, दहा पॉइंट चार लिहून दे."

"तुमचं किती आलं सर?"

"आठ पॉइंट सहा."

तिनं एक घडी त्यायच्याकडं पाहलं. आता ही रडते, नाई तर भांडते, असं सरले वाटलं, अन् भांडावं असंही वाटलं, कोणीतरी तर भांडावं. पण तिनं नवा कागद मागतला, तक्ता आखला अन् भराभर लिहिलं. दहा पॉइंट पाच, दहा पॉइंट चार, दहा पॉइंट चार.

"पहिलं मुद्दाम जरासं चुकवलं सर," ती हळूच म्हणे. "तिन्ही सारखे टाकले का खोटं वाटते."

परीक्षक म्हणे, हं, आता कसं. तिले पन्नासपैकी सत्तेचाळीस भेटले, बॅचमधे सगळ्यात जास्त.

जूनमधे सरनं अर्ज भरला. मुलाखत दोन मिनिटात आटोपली. मॅडम बाकीच्यायले म्हणे, "ह्यायले काय विचारायचं, आपलेच आहेत."